टाकीखाली ओटी टेस्ट पिवळी, शेवटच्या नळाला पांढरी: टीसीएल टाकूनही क्लोरीन जातो कुठे?

मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की एकच तक्रार सगळीकडून यायला लागते. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, रोज टाकतोय, टाकीखालच्या पहिल्या नळाला ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) पिवळी येते, पण शेवटच्या वाडीत टेस्टची नळी पांढरीच राहते. मग कोणीतरी सांगतं, पावडर वाढवा. वाढवली की टाकीजवळच्या घरांतून ओरड सुरू होते, पाण्याला वास मारतो, चहा बेचव लागतो. वाडीतली टेस्ट तरीही निगेटिव्हच. आणि आठवड्याभरात वाडीतून जुलाबाचे पहिले दोन रुग्ण दवाखान्यात येतात.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात आरोग्य सेवक म्हणून मी हे सलग तीन पावसाळे भोगलं आहे. ५०,००० लिटरची उंच टाकी, खाली साडेतीन किलोमीटरची लाईन आणि तिच्या टोकाला ४० उंबऱ्यांची वाडी. तिसऱ्या वर्षी आम्ही पावडर वाढवायचं थांबवलं आणि क्लोरीन नेमका कुठे संपतो ते शोधायला लागलो. तो शोध कसा घ्यायचा ते सांगतो. तुमच्या गावात कारण वेगळं निघेल, पण शोधायची वाट हीच राहील.

आधी ही पावडर काय चीज आहे ते नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. उष्ण हवेत जरा जास्त टिकावी म्हणून जादा चुना घातलेली ब्लीचिंग पावडर. विरवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनवतात. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करण्यासाठी. पुढे १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्या ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात जे पोतं पडलेलं असतं, ते याच पावडरीचं. त्याला हात लावताना मला नेहमी त्या बाळंतिणी आठवतात.

ताज्या, चांगल्या पावडरीत वजनाच्या साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पाण्यात पडल्यावर त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि जंतू मुख्यतः तेच मारतं. पण क्लोरीन जंतूंना वेचून शोधत जात नाही. वाटेत जे भेटेल, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा अर्क, शेवाळ, शेणाचा अंश, लोखंडाचा गंज, अमोनिया, त्या सगळ्यांवर तो खर्च होतो. या सगळ्यांचं देणं भागवून जो मागे राहतो तो उर्वरित क्लोरीन. ओटी टेस्ट त्याचीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तो ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी निवळशंख असतं, देणं थोडं असतं, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पहिल्या पावसाचं पाणी उद्भवात, म्हणजे गावाचं पाणी जिथून उचलतो तिथे, उतरलं की देणं एका रात्रीत वाढतं. दर वर्षी जूनमध्येच ही तक्रार का येते, त्याचं उत्तर बहुतांशी यात आहे.

आता तपासणी. सुरुवात टेस्टपासूनच करा, कारण चुकीच्या टेस्टवर पुढचे सगळे निर्णय चुकतात. ओटीचं द्रावण तपकिरी बाटलीत, सावलीत राहायला हवं. मोटारसायकलच्या डिकीत उन्हाळाभर फिरलेली बाटली टाकून द्या. नळ दोन मिनिटं वाहू द्या, नळी त्याच पाण्याने विसळा, थेंब टाका आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघा. लगेच आलेला पिवळा रंग हा मोकळ्या क्लोरीनचा. पाच-दहा मिनिटांनी हळूहळू चढत जाणारा पिवळा रंग अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याची मारक शक्ती फार कमी. आमचा वॉलमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस, नळी खिशात ठेवून घरी जायचा, चहा घ्यायचा आणि मग रंग वहीत लिहायचा. त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असलं तरीही नळी पिवळी दिसू शकते. म्हणून एकदा टीसीएल न टाकलेल्या, उद्भवाच्या कच्च्या पाण्याची टेस्ट घेऊन ठेवा. तीही पिवळी आली तर तुमची आजवरची वही पुन्हा तपासावी लागेल. ओटीचं रसायन अंगाला चांगलं नाही. तपासलेलं पाणी मोरीत ओता, हात धुवा, मुलांना नळी हाताळू देऊ नका. डीपीडी या दुसऱ्या रसायनाचं क्लोरीन तपासायचं किट मिळत असेल तर तेच घ्या. त्याचा रंग गुलाबी येतो आणि ते जास्त भरवशाचं आहे.

टेस्ट बरोबर निघाली की पोत्याकडे या. आमच्या पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. सोडलं तर आत पांढरी भुकटी नव्हतीच, मुठीएवढी ढेकळं होती, कडेने ओलसर, पिठूळ आणि पिवळट पडलेली. ताज्या टीसीएलचं तोंड उघडलं की नाकात झणका बसतो, डोळे चुरचुरतात. इथे जुन्या ओल्या चुन्यासारखा मंद वास. पोतं मागच्या दिवाळीतलं होतं. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पावडरीतला क्लोरीन हळूहळू उडवून लावतात. मागे राहतो तो नुसता चुना. दिसायला पांढराच, म्हणून फसगत होते. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन असलेली पावडर शुद्धीकरणाला वापरायची नाही, असा आपल्याकडे दंडक आहे आणि नमुना तपासायला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. आमचा नमुना १२ टक्के आला.

याचा हिशोब करून बघा. हजार लिटरला ५ ग्रॅम हे आपलं पाठ झालेलं प्रमाण. ५०,००० लिटरला २५० ग्रॅम. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. १२ टक्क्यांच्या पावडरीतून पडतो जेमतेम ०.६. उन्हाळ्यात तेवढ्यावर भागून जातं. पावसाळ्यात पाणी स्वतःच एक मिलिग्रॅम मागत असेल, तर वाडीपर्यंत जाईल काय?

प्रयोगशाळेचा निकाल यायला दिवस लागतात आणि गाव तोवर पाणी प्यायचं थांबत नाही. म्हणून गावातच करायची एक चाचणी सांगतो. या सगळ्या लिखाणातलं एवढंच केलंत तरी पुष्कळ काम होईल. सोनाराकडे किंवा डिजिटल काट्यावर १० ग्रॅम टीसीएल मोजून घ्या आणि एक लिटर पाण्यात नीट कालवून दहा मिनिटं निवळू द्या. पाच जुन्या, स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्यांत उद्भवाचं कच्चं पाणी १०-१० लिटर भरा. सुई काढलेल्या सिरिंजने वरची निवळी घेऊन पहिल्या बादलीत २ मिली, दुसरीत ४, मग ६, ८ आणि १० मिली टाका. ढवळा, झाका, सावलीत अर्धा तास ठेवा. मग प्रत्येकीची ओटी घ्या. हिशोब तोंडपाठ होण्याइतका सोपा आहे: १० लिटरला जितके मिली, तितकेच ग्रॅम हजार लिटरला. तिसऱ्या बादलीत रंग किटवरच्या ०.५ च्या खुणेला लागला तर तुमच्या पाण्याला, तुमच्या या पोत्यातली पावडर, आज हजार लिटरला ६ ग्रॅम लागते. पावडरीचा कस आणि पाण्याचं देणं दोन्ही या एका आकड्यात आले. पावसाळ्यात ही चाचणी दर आठवड्याला करा, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटच्या बादलीतही रंग येत नसेल तर पावडर वाढवून प्रश्न सुटणार नाही. पोतं बदला, किंवा पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या आणि मगच टीसीएल टाका. गढूळ पाण्यात आधी टीसीएल टाकणं म्हणजे ती चिखलाला पाजणं.

विहिरीत थेट टाकणाऱ्यांनी पाण्याचं माप काढलंच पाहिजे. व्यास मीटरमध्ये घ्या, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, त्याला ०.७८५ ने आणि मग १००० ने गुणा, लिटर मिळतात. ६ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे १,१३,००० लिटर. म्हणजे ५ ग्रॅमने साडेपाचशे ग्रॅमच्या वर पावडर. अंदाजाने दोन ओंजळी टाकणाऱ्याला हा आकडा ऐकून धक्का बसतो. आणि विहिरीची पातळी पावसाळ्यात रोज बदलते, हेही लक्षात असू द्या.

टाकायची रीत. पुरचुंडी बांधून टाकीत सोडणे किंवा पोत्यातून सरळ ओतणे, दोन्ही बंद करा. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, मग पावडर हळूहळू. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे २५० ग्रॅमसाठी तीन बादल्या. आधी पातळ लगदा करा, मग बादली पाऊण भरा, लाकडी दांड्याने ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा आणि ती टाकीत सोडा. तळाचा चुना बाहेर टाका. तो टाकीत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो, पीएच चढतो, आणि पीएच ८.५ झाला की क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा जोमदार रूपात, म्हणजे हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात, उरतो. म्हणजे पावडर टाकून आपणच तिचे हात बांधतो. धातूची बादली वापरू नका, टीसीएल ती खाते.

आणि वेळ. क्लोरीनला पाण्याबरोबर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास हवा. लोडशेडिंगमुळे टाकी भरता भरताच व्हॉल्व्ह सोडायची सवय गावोगावी आहे. त्यात पहिल्या घरांना नुसती तीव्र निवळी जाते आणि शेवटच्यांना कोरं पाणी. टाकीजवळ वास आणि वाडीत निगेटिव्ह, या जोडीचं सर्वात साधं कारण हेच असतं. टाकी निम्मी भरली की निवळी सोडा, पूर्ण भरू द्या म्हणजे आपोआप ढवळली जाते, तासभर थांबा, मग व्हॉल्व्ह. वॉलमनला रात्री उठावं लागतं, हे मला माहीत आहे. त्याच्या मानधनाचा विषय ग्रामसभेत काढायला हवा, पण तो वेगळा. टँकरवाल्यांना मात्र हे सोपं आहे. १०,००० लिटरला ५० ग्रॅमची निवळी भरतानाच टाकली की वाटेत वेळही मिळतो आणि ढवळणंही होतं.

घराच्या छोट्या आडासाठी नागपूरच्या नीरी संस्थेची दुहेरी मडक्याची पद्धत अजूनही उत्तम आहे. एकात एक दोन मडकी, दोन्हींना एक-एक सेंटिमीटरचं भोक, आतल्याला काठाजवळ आणि बाहेरच्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर. आतल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू किंचित ओली करून भोकाच्या जरा खालपर्यंत भरायची, तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि पाण्याखाली किमान एक मीटर सोडायचं. साधारण ४,५०० लिटरचा आड आणि रोजचा उपसा ३६० ते ४५० लिटर असेल तर दोन-तीन आठवडे काम होतं.

आता आमच्या वाडीचं. पोतं बदललं, निवळी करायला लागलो, तास धरला. टाकीखाली छान लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग आला आणि वाडीत तरीही पांढरं. मग एका सकाळी पाच जण पाच ठिकाणी उभे राहिलो. आशाताई, अंगणवाडीताई, वॉलमन, शाळेचे गुरुजी आणि मी. एकाच वेळी लाईनभर ओटी घेतली. देवळापाशी ०.५, शाळेपाशी ०.५ ला जरा कमी, ओढ्याच्या मोरीपलीकडे पहिल्या नळाला काहीच नाही. क्लोरीन असा एकदम तुटत नाही. हळूहळू उतरला असता तर जुन्या पाइपातला गंज किंवा शेवाळ म्हटलं असतं. हा खड्डा होता.

मोरीजवळ व्हॉल्व्हचं चेंबर होतं. फरशी उचलली तर आत गुडघाभर काळं पाणी, वर म्हशींच्या शेणाची साय, आणि पाण्याखाली व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवती पॅकिंग बसतं तिथून, बुडबुडे. पुरवठा चालू असताना पाणी बाहेर येत होतं, पुरवठा बंद झाला की लाईनमध्ये ओढ बसते आणि तेच काळं पाणी आत. रोज वाडीला पहिलं पाणी त्या चेंबरमधलं मिळत होतं. साठ वर्षांच्या एक मावशी मागे उभ्या होत्या. फरशी उचललेली बघून त्या काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून घरी गेल्या. त्यांची नात आदल्याच आठवड्यात सलाईनवर होती.

ग्लँडचं पॅकिंग बदलायला दोन तास लागले. चेंबर उपसलं, भिंत वीतभर वर बांधून घेतली, लाईन टोकापासून धुऊन काढली.

पावडर हाताळताना काय सांभाळायचं तेही सांगून ठेवतो, कारण पहिल्याच पावसाळ्यात आमच्या शिपायाला मी खोकून निळा पडताना पाहिलं आहे. पावडर सांडली होती आणि त्याने ती जागा संडास धुण्याच्या ॲसिडने साफ करायला घेतली. टीसीएलला ॲसिड लागलं की क्लोरीन वायू सुटतो. हिरवट पिवळा, हवेच्या अडीचपट जड, जमिनीलगत साचणारा. टीसीएलजवळ ॲसिड, फिनाईल, डिझेल, ग्रीस, युरिया, गंधक, कीटकनाशक काहीही ठेवू नका. तेलकट चिंधी किंवा डिझेल लागलं तर आग लागू शकते. युरिया आणि अमोनियाच्या खतांशी मिसळली तर विषारी वायू होतात आणि स्फोटकही. ग्रामपंचायतीच्या खोलीत एका कोपऱ्यात फवारणीचं सामान आणि दुसऱ्यात टीसीएल हे चित्र सर्रास दिसतं. ते आजच्या आज बदला. पोतं जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा. झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, कोरड्या, अंधाऱ्या पण हवेशीर खोलीत. पोत्यावर आल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि एका वेळी दोन-तीन महिन्यांचीच घ्या.

कालवताना वाऱ्याकडे पाठ करा, म्हणजे भुकटी तुमच्यापासून दूर उडेल. रबरी हातमोजे, चष्मा, नाकातोंडावर मास्क. साधा रुमाल भुकटी थोडी अडवतो, वायू अजिबात नाही. डोळ्यात गेली तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना. अंगावर कोरडी पावडर पडली तर आधी झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. वायू नाकात गेला तर माणसाला मोकळ्या हवेत आणून बसतं ठेवा आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसात पाणी काही तासांनीही होऊ शकतं. पोटात गेली तर उलटी करवू नका. टाकी धुताना तीव्र द्रावण वापरलं असेल तर झाकणं उघडून हवा खेळल्याशिवाय आत उतरू नका, आणि एकट्याने तर कधीच नाही. वर दोर धरून दुसरा माणूस हवा.

त्या वर्षी श्रावणात वाडीतल्या शेवटच्या नळाला ०.२ च्या वर रंग लागला आणि दिवाळीपर्यंत टिकला. बादलीच्या चाचणीने निघालेला आकडा हजार लिटरला ६ ग्रॅमचा, म्हणजे टाकीला ३०० ग्रॅम. त्याआधी आम्ही अर्धा किलो टाकत होतो. टाकीजवळची वासाची तक्रारही थांबली. दोन घरांनी मात्र अजून लाईनला थेट मोटार लावलेली आहे. ती चालू झाली की टोकाकडचा दाब पडतो, आणि जिथे कुठे बारीक गळती असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ज्या दिवशी वाडीत नळी पुन्हा पांढरी येते, त्या दिवशी वॉलमन आता पोत्याकडे जात नाही, आधी त्या दोन घरांचं दार वाजवतो.